‘साखळी शाबूत आहे’ हे उत्तर नव्हे

क्रिप्टो एक्स्चेंजवर मोठी चोरी झाली की एक वाक्य हमखास ऐकू येतं: “ब्लॉकचेन हॅक झालेली नाही.” गुंतवणूकदारांचे पैसे गेलेले असतात, खाती गोठलेली असतात, पण या एका वाक्यात तंत्रज्ञानाची निर्दोष सुटका होते. तेच वाक्य पुढे परिसंवादांत जातं, सल्लागारांच्या सादरीकरणांत जातं आणि शेवटी सरकारी दालनांत पोचतं. तिथे त्याचं रूप असं होतं: ब्लॉकचेनवरची नोंद कुणालाच बदलता येत नाही, म्हणून जमिनीचे अभिलेख, प्रमाणपत्रं, सगळं तिच्यावर टाका, सुरक्षेचा प्रश्न आपोआप मिटेल. हा दावा चुकीचा आहे आणि घातकही आहे. तो खरा मानणारे राखण करायचं सोडून देतात आणि हल्लेखोर नेमके तिथूनच आत शिरतात.

आपल्याच दारात घडलेलं उदाहरण घेऊ. 18 जुलै 2024 रोजी वझीरएक्स या मुंबईच्या एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून सुमारे 23 कोटी डॉलर, म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपयांची मालमत्ता गेली. ग्राहकांच्या एकूण ठेवींचा हा साधारण 45 टक्के हिस्सा होता. ते वॉलेट एका माणसाच्या हातात नव्हतं. सहा स्वाक्षरीदार होते. व्यवहाराला वझीरएक्सच्या तिघांची आणि त्यानंतर लिमिनल या कस्टडी कंपनीची अशा चार स्वाक्षऱ्या लागत. चारही स्वाक्षऱ्या झाल्या. वझीरएक्सचं म्हणणं असं की पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि प्रत्यक्षात सही दुसऱ्याच व्यवहारावर झाली. आमच्या यंत्रणेत घुसखोरी झालेली नाही, असं लिमिनलने सांगितलं. दोन कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवत राहिल्या.

इथेरियमच्या साखळीच्या दृष्टीने मात्र त्या दिवशी काहीच बिघडलं नव्हतं. स्वाक्षऱ्या अस्सल होत्या, शुल्क भरलेलं होतं, नोंद नियमानुसार झाली. साखळीने चोरी अत्यंत प्रामाणिकपणे नोंदवली आणि ती कायमची केली. ज्या गुणाचा इतका गौरव होतो, तो अपरिवर्तनीयतेचा गुण त्या दिवशी चोराच्या कामी आला. म्हणून ‘साखळी शाबूत आहे’ हे विधान खरं असूनही उत्तर ठरत नाही. प्रश्न लोकांच्या मालमत्तेचा होता, साखळीच्या तब्येतीचा नव्हता.

साखळी कधीच मोडलेली नाही, हे तरी सरसकट खरं आहे का? इतिहास तसं सांगत नाही. 15 ऑगस्ट 2010 रोजी बिटकॉइनच्या कोडमधल्या एका चुकीमुळे एकाच व्यवहारात 184 अब्ज बिटकॉइन जन्माला आले. बिटकॉइनची एकूण मर्यादा 2 कोटी 10 लाख आहे, हे लक्षात घेतलं म्हणजे चूक केवढी होती ते कळतं. काही तासांत दुरुस्त आवृत्ती आली, साखळीत नोंदी जोडणारे माइनर तिच्याकडे वळले आणि ती चुकीची साखळी मागे टाकली गेली. मार्च 2013 मध्ये सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्यांमध्ये एका ब्लॉकवरून मतभेद झाला आणि साखळी काही तास दुभंगली. ती पुन्हा जुळली ती मोठ्या माइनरांनी आपसांत बोलून जुन्या आवृत्तीकडे परत जायचं ठरवलं म्हणून. सप्टेंबर 2018 मध्ये तर नवी नाणी फुकट निर्माण करता येतील असा दोष पुन्हा सापडला; तो बिटकॉइनवर वापरला जाण्याआधी दुरुस्त झाला. प्रत्येक वेळी साखळी वाचली ती जागरूक माणसांमुळे. गणिताने स्वतःहून ती वाचवली नाही.

याहून बोलकी कथा इथेरियमची आहे. जून 2016 मध्ये ‘द डाओ’ नावाच्या सामायिक निधीतून एका हल्लेखोराने सुमारे 36 लाख इथर काढून घेतले. त्या निधीचं कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे साखळीवर आपोआप चालणारा कोड, आधी पैसे पाठवत होतं आणि शिल्लक नंतर कमी करत होतं. त्या दोन पायऱ्यांच्या मध्ये हल्लेखोर पुन्हा पुन्हा पैसे मागत राहिला. 20 जुलै 2016 रोजी बहुसंख्य इथेरियम समाजाने नियम बदलून ते पैसे परत मिळवले. ज्यांना हा बदल तत्त्वतः अमान्य होता ते जुन्याच साखळीवर राहिले. ती आजची इथेरियम क्लासिक. नोंद बदलायची नाही हे व्रत त्यांनी पाळलं. पण त्या छोट्या साखळीच्या मागे माइनिंगची ताकद कमी होती. जानेवारी 2019 मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट 2020 मध्ये हल्लेखोरांनी निम्म्याहून अधिक ताकद मिळवून तिच्यावरचे व्यवहार उलटवले आणि तीच नाणी दुसऱ्यांदा खर्च केली. बिटकॉइन गोल्डवर मे 2018 मध्ये असाच हल्ला होऊन सुमारे 1 कोटी 80 लाख डॉलरचं नुकसान झालं होतं.

यातून जो धडा मिळतो तो कोणत्याही सरकारी निविदेच्या पहिल्या पानावर हवा. अपरिवर्तनीयता हा ब्लॉकचेन नावाच्या वस्तूचा अंगभूत गुण नाही. साखळीवर हल्ला करायला किती खर्च येतो, यावर ती अवलंबून असते. बिटकॉइनवर तो खर्च अफाट आहे. भाड्याने मिळणाऱ्या यंत्रांवर चालणाऱ्या एखाद्या छोट्या साखळीवर तो एका चोरीच्या कमाईतून भरून निघू शकतो. दोन्हींना एकच नाव आहे म्हणून दोन्हींची सुरक्षितता सारखी होत नाही.

आता प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा. ते म्हणतात, हे अपवाद सोडले तर बिटकॉइन-इथेरियमचं मूळ गूढलेखन आजवर कुणी फोडलेलं नाही. चोऱ्या होतात त्या एक्स्चेंज, वॉलेट, ब्रिज अशा बाहेरच्या गोष्टींत. गूढलेखनाबद्दलचं विधान मला पूर्ण मान्य आहे. ‘बाहेरच्या’ हा शब्द मात्र मुळीच मान्य नाही. सामान्य माणूस साखळीला कधी भेटतच नाही. तो भेटतो ॲपला, वॉलेटला, एक्स्चेंजला. पोलादी तिजोरी विकून तिची किल्ली देवळीत ठेवायला सांगणारा विक्रेता चोरीनंतर पोलादाला ओरखडाही नाही असं म्हणू लागला, तर त्याचं म्हणणं कुणी ऐकून घेईल का?

या ‘बाहेर’ घडलेल्या घटनांची व्याप्ती पाहा. 23 मार्च 2022 रोजी दोन साखळ्यांमध्ये मालमत्ता हलवणाऱ्या रोनिन ब्रिजमधून 1 लाख 73 हजार 600 इथर आणि 2 कोटी 55 लाख यूएसडीसी (डॉलरशी जोडलेली नाणी) गेले. व्यवहार मंजूर करणाऱ्या नऊ व्हॅलिडेटरांपैकी पाचांच्या स्वाक्षऱ्या पुरेशा होत्या. त्यांतले चार एकाच कंपनीच्या ताब्यात होते आणि पाचव्यासाठी पूर्वी तात्पुरती दिलेली परवानगी काढायची राहून गेली होती. कागदावर नऊ रखवालदार, प्रत्यक्षात एका कंपनीच्या जाळ्यात शिरलं की काम फत्ते. आत शिरायला एका अभियंत्याला दाखवलेलं खोट्या नोकरीचं आमिष पुरलं. त्याहून लाजिरवाणी गोष्ट ही की साठ कोटींहून अधिक डॉलर गेल्याचं सहा दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. एका वापरकर्त्याला स्वतःचे पैसे काढता येईनात तेव्हा ते उघड झालं. साखळीवर सगळं सगळ्यांना दिसतं, हे खरं. पण दिसणं आणि कुणीतरी पाहत असणं यांत सहा दिवसांचं अंतर पडलं.

21 फेब्रुवारी 2025 रोजी बायबिट या एक्स्चेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलरचे इथर गेले. हल्लेखोरांनी बायबिटची यंत्रं फोडली नाहीत. बायबिट ज्या कंपनीचं बहुस्वाक्षरी वॉलेट वापरत होतं, तिच्या एका डेव्हलपरचा संगणक त्यांनी काबीज केला आणि संकेतस्थळाच्या कोडमध्ये बदल केला. अधिकाऱ्यांना पडद्यावर नेहमीचं हस्तांतर दिसलं आणि त्यांनी सही केली. प्रत्यक्षात त्या सहीने वॉलेटचा ताबाच सुटला. वझीरएक्सने स्वतःविषयी सांगितलेलं कारण आणि ही घटना यांत सात महिन्यांचं अंतर आहे, पद्धतीत मात्र फारसं नाही. दोन्ही चोऱ्यांमागे उत्तर कोरियाचे हॅकर असल्याचं अमेरिकी यंत्रणांनी जाहीर केलं आहे. एका देशाची संपूर्ण यंत्रणा ज्या किल्ल्यांच्या मागे लागली आहे, त्या किल्ल्या ‘बाहेरचा’ विषय कशा असतील?

कोड खुला असतो, जगभरचे लोक तपासतात, म्हणून तो सुरक्षित, असाही एक युक्तिवाद आहे. खुलेपणाचा फायदा आहे, पण खुला कोड चोरही वाचतो. 1 ऑगस्ट 2022 रोजी नोमॅड ब्रिजमधून सुमारे 19 कोटी डॉलर गेले. एका सुधारणेच्या वेळी एक मूल्य शून्यावर ठेवलं गेलं आणि त्यामुळे सिद्ध न झालेला संदेशही सिद्ध मानला जाऊ लागला. पहिल्या चोराचा व्यवहार पाहून शेकडो जणांनी तो उचलला, त्यात स्वतःचा पत्ता घातला आणि पैसे काढले. नोव्हेंबर 2017 मध्ये पॅरिटी वॉलेटचं सामायिक कॉन्ट्रॅक्ट एका वापरकर्त्याच्या कृतीने नष्ट झालं आणि पाच लाखांहून अधिक इथर कायमचे अडकून पडले. इथे चोरीसुद्धा झाली नाही. नुसती चूक झाली आणि ती सुधारता येईना. तपासणीचा शिक्का त्या दिवशीच्या कोडवर असतो. कोड बदलला की तो शिक्का शिळा होतो.

मग प्रतिपक्ष शेवटचं अस्त्र काढतो: बँका लुटल्या जात नाहीत का? जातात. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट 2018 मध्ये जो सायबर हल्ला झाला तो पुणेकर विसरलेले नाहीत. दोन दिवसांत 94 कोटी रुपये गेले. 28 देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले आणि काही रक्कम हाँगकाँगला वळवली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने त्या हल्ल्याचा संबंधही उत्तर कोरियाशी जोडला होता. म्हणजे शत्रू तोच. पण पुढे काय झालं ते पाहा. नुकसान बँकेने सोसलं, खातेदारांच्या शिलकीला धक्का लागला नाही. हाँगकाँगला गेलेल्या पैशांपैकी काही परत आले. पुण्याच्या न्यायालयात खटला चालला आणि एप्रिल 2023 मध्ये अकरा जणांना शिक्षा झाली.

वझीरएक्सच्या ग्राहकांच्या वाट्याला काय आलं? व्यवहार थांबले. तोटा सर्व ग्राहकांत वाटून घेण्याचा 55-45 टक्क्यांचा प्रस्ताव आला आणि संतापानंतर मागे घेतला गेला. प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयात पुनर्रचनेसाठी गेलं आणि एक्स्चेंज पुन्हा सुरू व्हायला 2025 चा ऑक्टोबर उजाडला. पुण्यामुंबईच्या, नाशिकच्या, कोल्हापूरच्या तरुणांनी पगारातून साठवलेले पैसे सव्वा वर्ष अडकून पडले. बँकेत पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो. इथे तो नाही. सरकार क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर घेतं, मनी लाँडरिंगविरोधी कायदा मार्च 2023 पासून लागू आहे, सायबर हल्ला झाल्यास सहा तासांत सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला कळवण्याचं बंधन 2022 पासून आहे. पण ग्राहकाच्या ठेवी कशा राखाव्यात आणि त्या गेल्या तर कुणी भरून द्याव्यात, याचा बँकेसारखा बांधील नियम नाही. बँकांची तुलना करणाऱ्यांनी ती अर्ध्यावर सोडू नये. लूट दोन्हीकडे होऊ शकते. लुटीनंतर माणसाच्या मागे कोण उभं राहतं, यात खरा फरक आहे.

सरकारी ब्लॉकचेनचे समर्थक म्हणतील, आमची साखळी खासगी आहे, तिच्यात नाणी नाहीत, सहभागी ओळखीचे आहेत. केंद्र सरकारने सप्टेंबर 2024 मध्ये ‘विश्वस्य’ ही राष्ट्रीय ब्लॉकचेन सेवा सुरू केली. तिची यंत्रणा एनआयसीच्या भुवनेश्वर, पुणे आणि हैदराबाद इथल्या डेटा सेंटरांत आहे. तीन शहरांत यंत्रं असणं चांगलंच. एक केंद्र बंद पडलं तरी सेवा चालू राहील. पण यंत्र बंद पडणं आणि आतल्या माणसाने नोंदीत फेरफार करणं हे दोन वेगळे धोके आहेत. खासगी साखळ्यांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या हायपरलेजर फॅब्रिकमध्ये व्यवहारांचा क्रम ठरवणारी राफ्ट ही पद्धत पहिल्या धोक्यासाठी बनलेली आहे. एखादा सहभागी मुद्दाम खोटं वागला तर ती पुरत नाही. त्यासाठीची सोय फॅब्रिकच्या 2024 मधल्या तिसऱ्या आवृत्तीत आली. म्हणून कोणत्याही खासगी साखळीबद्दल पहिला प्रश्न हा: नोड, म्हणजे साखळी चालवणारी यंत्रं, किती आहेत हे नको, त्यांची नियंत्रणं परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या किती संस्थांकडे आहेत ते सांगा. एकाच खात्याच्या एकाच प्रशासकाकडे सगळ्या किल्ल्या असतील तर तो महागडा डेटाबेस आहे.

दुसरा प्रश्न आत काय जातं याचा. आपल्या मोबाइलवर येणाऱ्या व्यावसायिक एसएमएससाठी दूरसंचार नियामक ट्रायच्या 2018 च्या नियमांनुसार ब्लॉकचेन वापरली जाते. कंपन्यांची नावं आणि संदेशांचे नमुने तिच्यावर नोंदवावे लागतात. तरीही त्या नावांचा आणि नमुन्यांचा गैरवापर झाला आणि फेब्रुवारी 2023 मध्ये ट्रायला सगळ्यांची फेरपडताळणी करायचे आदेश द्यावे लागले. साखळी मोडली नव्हती. चुकीच्या माणसांना दार उघडून दिलं गेलं होतं.

महाराष्ट्रात हा मुद्दा फार जवळचा आहे. गडचिरोली जिल्ह्यात एटापल्लीला 2022 मध्ये जातप्रमाणपत्रांची पडताळणी ब्लॉकचेनवर आणण्याचा प्रयोग झाला. बनावट कागद ओळखायला याचा उपयोग आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. प्रमाणपत्र दिल्यानंतर त्यात खाडाखोड झाली तर हॅश, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, जुळत नाही आणि लबाडी उघडी पडते. पण प्रमाणपत्र देतानाच खोटी माहिती लिहिली गेली असेल, तर हॅश त्या खोट्याचीच राखण करतो. सातबाऱ्याचंही तसंच. गावोगावचे वाद कागद बदलल्यामुळे कमी आणि चुकीचा फेरफार मंजूर झाल्यामुळे, वारसाचं नाव वगळल्यामुळे जास्त झालेले आहेत. म्हणूनच महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम 155 ने लेखनप्रमाद दुरुस्तीची वाट ठेवली आहे. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यातही नागरिकाला आपली माहिती दुरुस्त करून घेण्याच्या हक्काची तरतूद आहे. जी यंत्रणा दुरुस्तीची वाट बंद करून सुरक्षित म्हणवते, ती एखाद्या विधवेच्या नावावर झालेला अन्यायही तितक्याच घट्ट बसवेल.

मग करायचं काय? उपाय आहेत, आणि ते माहीत असलेलेच आहेत. पहिला, किल्ल्यांचा. मोठ्या व्यवहारावर सही करणाऱ्याने एकाच संकेतस्थळाच्या पडद्यावर विसंबू नये. व्यवहाराचा हॅश वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या साधनाने काढून हार्डवेअर वॉलेटवरच्या हॅशशी जुळवावा आणि सहीआधी त्या व्यवहाराचा परिणाम चालवून पाहावा. स्वाक्षरीदार खरोखर वेगवेगळ्या संस्थांचे असावेत आणि दिलेल्या परवानग्यांची मुदत आपोआप संपावी. दुसरा, वेगाचा. ठरावीक रकमेवरचा व्यवहार लगेच पार पडू नये. त्यात काही तासांचा सक्तीचा विलंब, दिवसाची कमाल मर्यादा आणि धोका दिसताच सगळं थांबवणारी कळ हवी. रोनिनमध्ये अशी मर्यादा आणि धोक्याची घंटा असती, तर सहा दिवस गेले नसते.

तिसरा, कोडचा. एकदा केलेली तपासणी पुरत नाही. प्रत्येक बदलानंतर पुन्हा तपासणी, महत्त्वाच्या भागांसाठी गणिती पडताळणी आणि दोष दाखवणाऱ्याला घसघशीत बक्षीस हवं. चौथा, साखळीच्या निवडीचा. छोट्या साखळीवरचा व्यवहार स्वीकारताना एक्स्चेंजने पुष्टीचे ब्लॉक वाढवावेत. इथेरियम क्लासिकवरच्या हल्ल्यांनंतर एक्स्चेंजांनी तेच केलं. सगळे नोड एकाच सॉफ्टवेअरवर चालू नयेत, म्हणजे एकाचा दोष सगळ्यांना बुडवणार नाही. आजच्या स्वाक्षऱ्या पुरेशा ताकदीच्या क्वांटम संगणकापुढे टिकणार नाहीत. अमेरिकेच्या निस्ट संस्थेने ऑगस्ट 2024 मध्ये नव्या पद्धतींची मानकं जाहीर केली आहेत, आणि दशकानुदशकं टिकायच्या जमीन अभिलेखांचा विचार करताना ती आजच हिशेबात धरावी लागतील. वैयक्तिक पातळीवर, वॉलेटचा सीड फ्रेज, म्हणजे ते उघडणारी शब्दांची किल्ली, फोनमध्ये, फोटोत किंवा मेलमध्ये ठेवू नका. तो मागणारा माणूस कुणीही असो, तो चोर आहे असं समजा.

यातला एकही उपाय ‘ब्लॉकचेन फुटत नाही’ या श्रद्धेतून येत नाही. सगळे उपाय येतात ते ती फुटू शकते, कोड चुकू शकतो, माणूस फसू शकतो, हे आधी मान्य केल्यामुळे. या तंत्रज्ञानाचं भलं इच्छिणाऱ्यांनी तर ही श्रद्धा सर्वांत आधी सोडली पाहिजे.

म्हणून सार्वजनिक पैशातून ब्लॉकचेन विकत घेणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने करारावर सही करण्याआधी पाच प्रश्न विचारावेत. किल्ल्या नेमक्या कुणाकुणाच्या हातात आहेत? त्यांतल्या किती एकाच वेळी चोरीला गेल्या तर सगळं जातं? चुकीची नोंद कायदेशीरपणे कशी दुरुस्त होते? घुसखोरी किती मिनिटांत कळते आणि कोण थांबवतं? आणि नुकसान झालं तर ते कोण भरून देतं? ज्या विक्रेत्याकडे या पाचांची लेखी, बंधनकारक उत्तरं नाहीत, त्याच्या हाती महाराष्ट्रातल्या एकाही शेतकऱ्याचा सातबारा देऊ नये.